सहा की आठ

निवृत्ती गेल्याचं मला पिंपरीला, कंपनीच्या कँटीनमध्ये कळलं. कुरुळीहून येणाऱ्या एका कामगारानं सांगितलं, "तुमच्या दोस्ताला काविळीनं नेलं, राव." आणि मला आधी आठवली ती त्याची परीक्षा... लाज वाटते, पण तसंच झालं.

आम्ही दोघं एकाच वर्षी फिटर म्हणून लागलो. माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट, म्हणून मी सुपरवायझर झालो. तो गावातच काम शिकलेला, म्हणून अर्धकुशल राहिला. पण त्यानं कानशीनं घासून बसवलेल्या दोन तुकड्यांमधून उजेड दिसायचा नाही. "तुझ्या सर्टिफिकिटाला धार लावून देऊ का?" असं मला चारचौघांत विचारायचा. कुशलची श्रेणी मिळायला परीक्षा होती. ड्रॉइंग वाचणं, मापं, काम, सफाई असे रकाने, आणि प्रत्येकात पास व्हायलाच हवं. मला ती पद्धत आवडायची, कारण त्याआधी साहेबाची मर्जी हाच एक रकाना होता. त्या वर्षी परीक्षक म्हणून मलाच बसवलं.

परीक्षेत त्यानं मला जवळ बोलावलं. "ह्यो आकडा पुसट हाय. सहा का आठ?"

सगळे बघत होते. मित्राला मदत केली असं कुणी म्हणायला नको, ही धास्ती. शिवाय मनात आलं, याला ड्रॉइंग वाचता येत नाही, म्हणून खडा टाकून बघतोय. "दिसतंय ते वाचा," मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. त्यानं माझ्याकडे एकवार पाहिलं आणि आठ मिलिमीटरची खाच घासली, अगदी नेमकी. हवी होती सहाची. ड्रॉइंगच्या रकान्यात मी नापास लिहिलं.

कागद गोळा करताना त्याचं ड्रॉइंग हातात आलं. घडीवर आकडा विरला होता. चष्मा लावूनही मला सांगता येईना. धावत ऑफिसात गेलो. "निकाल वर गेला. पुढच्या परीक्षेला बघू," एवढंच उत्तर मिळालं. निवृत्तीला सांगितलं तर हसला. "म्हंजे माझं डोळं तरी पास झालं." पुढची परीक्षा लागायच्या आतच तो गेला.

दहाव्यानंतर कुरुळीला गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि सरळच विचारलं, "भावजी, खरं सांगा, त्यांना काम येत व्हतं का न्हाई?"

"येत होतं. माझ्याहून चांगलं. चूक माझी होती, वहिनी."

"मग तसं लिवून द्या."

मुलीच्या वहीतल्या कागदावर मी लिहिलं, खाली सही केली. त्या कागदाचा कुठंही काही उपयोग नव्हता, आणि मला दुसरं काही करताही येत नव्हतं. वहिनींना वाचता येत नाही. त्या आत गेल्या आणि थकलेल्या सासऱ्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आल्या.

"आता मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. "पोराला कामच येत न्हाई, असं धरून बसल्यात हे."