मामी आणि बुजवलेले ठोकळे

धारूरच्या आसपास जितकी गावं आहेत, तितके उकिरडे माझ्या मामीला तोंडपाठ आहेत. कुणाच्या घरी गेली की ती माणसांची खुशाली नंतर विचारते. आधी परसात जाऊन पाला, पाचट, भुस्कट काय पडलंय ते बघून येते. स्वतःच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेली तेव्हाही तिनं हेच केलं. परत आल्यावर मामानं मुलगा कसा वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मुलाचं काय ध्यानात न्हाई, पण सोयाबीनचं भुस्कट लई हाय." लग्न तिथंच झालं आणि मुलगी सुखात आहे, त्यामुळे मामीला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही.

हे वेड तिला एका प्रशिक्षणात लागलं. कुजवलेलं पाचट, भुस्कट आणि रद्दी पाण्यात कालवायची, लोखंडी यंत्रात दाबून त्याचे ठोकळे पाडायचे आणि वाळवून चुलीत घालायचे. आता गावोगावच्या बचत गटांना ती हे शिकवते. यंत्र पोत्यात बांधून एसटीनं नेते. एकदा कंडक्टरनं पोत्यात काय आहे म्हणून विचारलं, तर उतरेपर्यंत तिनं त्याला सगळी कृती सांगितली, आणि मागच्या चार जणांना तिकीट द्यायचं तो विसरूनच गेला. शिकवताना मात्र ती फारसं बोलत नाही. वाळलेला ठोकळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडते आणि तुटला की "नापास" म्हणते. नातवंडं असलेल्या बायका मान खाली घालून तुकडे गोळा करतात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून सुट्टीत मी बरोबर असले की मामी एक काम माझ्यावर सोपवते: ठोकळ्याच्या मधोमध आरपार भोक का ठेवायचं ते समजावणं. डोंगराकडच्या एका गावात मी ते सांगितलं. प्राणवायू, ज्वलन असं बरंच बोलले. बायकांनी ऐकून घेतलं. त्या गटाचे पहिले ठोकळे मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर जाणार होते. ढाबेवाले चाचा एक दिवस भट्टीत जाळून बघणार होते. जमलं तर कायम घेणार, नाही तर गट मामीला यंत्र परत करणार, असं ठरलं होतं. ठोकळे पाडले त्या दिवशी मामी शेजारच्या गावी गेली होती. गटातल्या आजी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "भोक पडलेली वस्तू लोकाला कशी द्यावी, बाई? बुजवून टाकू का?" मला नाही म्हणायचं होतं. पण एवढ्या मोठ्या बाईला नाही कसं म्हणावं ते कळेना, म्हणून मी नुसतीच हसले.

ठोकळे वाळल्यावर पोती गावातून टेम्पोनं थेट ढाब्यावर गेली. मामी आणि मी पोचलो आणि उघडून बघितली, तर एकूण एक ठोकळा लगद्यानं बुजवलेला, वरून बोटांनी नक्षीही काढलेली. चाचांनी थोडे भट्टीत घातले. इतका धूर झाला की जेवणारी माणसं ताटं उचलून रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. चाचा म्हणाले, "बाई, यापेक्षा ओली लाकडं बरी."

मी तोंड उघडायच्या आत मामी म्हणाली, "चूक माझी हाय, चाचा. मीच सांगायची राहिले. मला दुपारपातुर टाइम द्या."

मग तिनं आचाऱ्याकडून तंदूरची सळई मागून घेतली, खाली फतकल मारली आणि एकेका ठोकळ्यातला लगदा टोकरून काढायला लागली. मी दुसरी सळई घेतली. दुपारी तेच ठोकळे नीट पेटले आणि चाचांनी पुढच्या आठवड्याची पोती सांगितली. गावात जाऊन मामीनं बायकांना एवढंच सांगितलं, की ढाबेवाला जरा विचित्र माणूस आहे, त्याला भोकाचेच ठोकळे लागतात. आजींना त्याची फार दया आली.

आजींना मी नाही म्हटलं नव्हतं, हे मामीला अजून सांगितलेलं नाही. परतीच्या एसटीत दोनदा सुरुवात केली, पण दोन्ही वेळा तिनं बाहेर कुणाच्या तरी शेतातलं पाचट दाखवलं. आता मी बीडला हॉस्टेलवर असते, तिच्याबरोबर जाणं कमी होत चाललंय. पण जेव्हा जाते तेव्हा भोकाचं सांगायची वेळ आली की मामी यंत्र माझ्याकडे सरकवते आणि काहीतरी निमित्त काढून बाहेर पडते. एखादी म्हातारी बाई बुजवू का म्हणून विचारतेच. मी नाही म्हणते. भोक का लागतं तेही सांगते. मामीच्या चपलांचा आवाज तेव्हा दाराबाहेर थांबलेला असतो. माझं बोलून झालं, की मग तो पुढे जातो.