घंटाघर सुटं होतं म्हणून

२०१२ साली पुणे सोडलं. टॅक्सीत बॅगा चढवताना बाबा म्हणाले, "पाडायला अक्कल लागत नाही. तू उभं करायच्या कामावर राहा." ते बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. आई करवादली, "पोरगी परदेशी चाललीय, आज तरी इमारती सोडा!" या गडबडीत रडायचं राहून गेलं. बरंच झालं.

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून दोन वर्षं मी रिपोर्टांत फक्त 'पाडा' लिहिलं. आदल्या वर्षीच्या भूकंपाने दुसरं काही ठेवलंच नव्हतं. मग शहराबाहेरच्या एका खेड्यातलं चर्च माझ्याकडे आलं. पूर्वी इथे स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांनी आपल्या गावच्या चर्चसारखं बांधलेलं: जाड दगडी भिंती, दारावर अर्धगोल कमान आणि घंटाघर बाजूला सुटं, आपल्या देवळापुढे दीपमाळ असते तसं. घंटाघर कोसळलं होतं, पण सुटं असल्यामुळे चर्च वाचलं. आता पाडायचं की ठेवायचं, ते मी सांगायचं होतं.

तपासायला गेले आणि दारातच सवयीने सेफ्टी बूट काढले. फोरमन ग्रॅम ओरडला, "अगं, डोक्यावर हेल्मेट आणि पायात नुसते मोजे?"

"देवाच्या दारात काढतात."

"देव समजून घेईल. सेफ्टीवाले नाही घेणार!"

याच चर्चमध्ये लग्न झालेल्या एमिलिया आजी बाहेर उभ्या होत्या. म्हणाल्या, "बूट काढणारी हे पाडणार नाही."

"आजी, अजून आत बघितलं नाहीये," मी बूट चढवत म्हटलं.

भिंती चुन्यात पक्क्या सांधलेल्या निघाल्या. आतून पोलादी आधार दिला तर टिकणार होत्या. गणित तीनदा तपासलं. चुकलं तर पुढच्या धक्क्याला आत माणसं असणार होती. मग 'ठेवा' लिहून सही केली.

२०१८ मध्ये चर्च उघडलं. घंटाघर पुन्हा सुटंच बांधलंय. इथेच जन्मलेल्या, मराठीला इंग्रजीत उत्तर देणाऱ्या माझ्या लेकीने दारात न सांगता जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढल्या. मागून टाय लावलेला ग्रॅम आला. "आज सेफ्टीवाले नाहीत ना?" म्हणत तो खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. एमिलिया आजी पहिल्या बाकावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं?"

बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "घंटाघराचा पाया किती खोल घेतलात?"

घर कुठलं, असं लोक विचारतात. पुण्यातलं आहेच. पण माझ्या सहीवर उभं असलेलं ते दार, जिथे आता बूट काढले तर कोणी ओरडत नाही, तेही माझंच.