न्हाणीघरातला समुद्र

तार आली तेव्हा मी मागच्या न्हाणीघरात गाळणीची वाळू धूत होतो. रविवारची सकाळ होती. तारवाल्यानं पुढच्या दारावर हाका मारल्या असतील, पण पंपाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. शेवटी तो घराला वळसा घालून मागे आला आणि माझ्या ओल्या हातात तार देऊन गेला. कुमुदताई मुंबईला, भावाच्या घरी वारल्या होत्या. ऑपरेशन नीट झाल्याचं आधी कळलं होतं, म्हणूनच मी त्या परतायच्या आत सगळं स्वच्छ करून ठेवत होतो... तार खिशात घातली आणि उरलेली वाळू धुतली. अर्धवट सोडून चालण्यासारखं ते काम नव्हतं. गाळणी बंद राहिली असती तर भिंतीपलीकडच्या टाकीतलं पाणी बिघडलं असतं. हात पुसून बाहेर आलो तेव्हा बातमी सांगावी असं घरात कुणी नव्हतं.

आमचं घराणं बंगळूरात पिढ्यान्‌पिढ्यांचं. मराठी आमची घरापुरती, आणि तीही कन्नडात भिजलेली. बसवनगुडीतल्या आमच्या घराचा मागचा भाग भाड्यानं द्यायचा ठरलं तेव्हा कुमुदताई तो पाहायला आल्या. मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, मूळच्या देवगडच्या. त्यांचे वडील बंदरावर कस्टमात कारकून होते. माझ्या आईला, म्हणजे सगळ्या गल्लीच्या अक्कांना, एकट्या बाईला जागा द्यायची धाकधूक होती. "स्वल्प बसा, कॉफी घेऊन जावा," आई म्हणाली, आणि कुमुदताई ते कन्नड वळणाचं 'स्वल्प' ऐकून हसल्या. मग आईही हसली. जागा त्यांनाच मिळाली. माझी पत्नी लग्नानंतर लवकरच गेली होती. मी टेलिफोनच्या कारखान्यात यंत्रांवर दिवस काढायचा आणि घरी येऊन मुकाट जेवायचं, असं आमचं चाललं होतं. घरात हसू ऐकलं ते बऱ्याच काळानंतर.

नाताळच्या सुटीत त्या कॉलेजच्या मुलींना घेऊन रामेश्वराकडे गेल्या होत्या. तिथे ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात त्यांनी प्रथमच जिवंत प्रवाळ पाहिलं. परत आल्या त्या अस्वस्थ होऊनच. मला म्हणाल्या, "माधवराव, कपाटातला पांढरा दगड दाखवून मी मुलींना इतकी वर्षं सांगत आले, हे प्रवाळ. अहो, ते तर त्याचं हाड! जिवंत असताना ते कसलं पांढरं? तपकिरी, हिरवट, अंगभर तोंडं असलेलं... मी मेलेलंच शिकवत आले." समुद्राच्या पाण्याची मोठी टाकी बांधण्यासाठी त्यांनी कॉलेजकडे एक खोली मागितली. उत्तर आलं ते हसण्यावारी नेणारं. समुद्रापासून इतक्या दूर, तीन हजार फूट उंचीवर प्रवाळ कसलं जगवता, असं. तेव्हा त्या एका संध्याकाळी आईकडे आल्या आणि त्यांनी विचारलं, "अक्का, तुमचं मागचं न्हाणीघर वापरात नसतं ना?"

टाकी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसवली. तीन बाजूंना आमच्याकडे अंगणात घालतात त्या दगडी फरश्या, समोर जाड काच, सांध्यांत डांबर. छपराची काही कौलं काढून तिथे काचेची बसवली, कारण प्रवाळाला ऊन लागतं. पण टाकी म्हणजे नुसतं भांडं. तिला जिवंत ठेवायचं काम भिंतीपलीकडच्या न्हाणीघरात व्हायचं होतं. ती खोली आम्ही दोघांनी मिळून उभी केली. चिनी मातीच्या मोठ्या बरण्या एकाखाली एक मांडल्या. पहिलीत वाळू, दुसरीत लाकडी कोळसा, तिसरीत स्वच्छ झालेलं पाणी. भिंतीला भोक पाडून रबरी नळ्या पलीकडे नेल्या. हवेचा पंप मी जुन्या पंख्याच्या मोटरवर बनवला. त्याच्या दट्ट्याला कातडी वॉशर, आणि तेलाचा थेंबही नाही, कारण तेल हवेबरोबर पाण्यात गेलं की सगळं संपलं. हवा काचेच्या नळीच्या तळाशी सोडली की बुडबुड्यांबरोबर पाणी आपोआप वर चढतं, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा मला पटलं नव्हतं. पहिल्यांदा पाणी चढलं तेव्हा आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे ओरडलो. आई दचकून पदर सावरत आली आणि नळीकडे बघून म्हणाली, "एवढ्यासाठी?"

पाणी यायचं मंगळूरहून. तिथून बर्फातली मासळी आणणाऱ्या लॉरीचा ड्रायव्हर इब्राहिम काचेच्या मोठ्या बुधल्यांतून समुद्राचं पाणी भरून आणायचा. आमच्या गल्लीत मासळीची लॉरी! आईनं पहिल्या दिवशी दारं-खिडक्या लावून घेतल्या. मग इब्राहिम लॉरी चौकात उभी करून बुधले हातगाडीवरून आणू लागला. वीज गेली तर हवा कुठून द्यायची, हा आमचा मोठा घोर होता. तो त्यानंच सोडवला. लॉरीच्या चाकाची एक जुनी ट्यूब त्यानं आणून दिली. ती फुगवून ठेवायची आणि वीज गेली की चिमटा सैल करायचा. हवा हळूहळू येत राहते. ती काळी ट्यूब खुंटीवर टांगली आणि खोली पुरी झाली.

पुढच्या सुटीत कुमुदताई रामेश्वराहून बादलीत प्रवाळाचा एक गोळा घेऊन आल्या. नारळाएवढा, मेंदूसारख्या वळ्यांचा. सोबत काही समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे उमलणारे जीव, आणि थोडे छोटे मासे. रेल्वेच्या डब्यात त्या सारा वेळ बादलीपाशी खाली बसून आल्या होत्या. संध्याकाळी दिवे न लावता आम्ही टाकीसमोर बसलो. बऱ्याच वेळानं त्या वळ्यांमधून बारीक, पारदर्शक बोटं बाहेर आली आणि पाण्यात हलायला लागली. कुमुदताईंनी माझा दंड धरला आणि लगेच सोडला.

पुढच्या उन्हाळ्यात ते सगळं मेलं. उन्हानं टाकीतलं पाणी उडून जाई आणि ते गोड्या पाण्यानं भरून काढावं लागे. नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येऊ लागला होता, म्हणून कुमुदताई ते उकळून घालू लागल्या. न्हाणीघराच्या कोपऱ्यात चुलीवर आईचा तांब्याचा हंडा पक्का बसवलेला होता. आईला लग्नात मिळालेला तो हंडा आम्ही हलवला नव्हता. पाडव्याला आईनं तो चिंचेनं लख्ख घासला होता. त्याहून स्वच्छ भांडं घरात नव्हतं, म्हणून पाणी त्यात उकळलं गेलं. आधी टाकीतली समुद्रफुलं आक्रसली, मग प्रवाळानं बोटं काढायची थांबवली, त्यावर शेंबडासारखा थर आला आणि खालून हाड दिसू लागलं. मासे तेवढे काही दिवस टिकले. कॉलेजच्या रसायनशाळेत पाणी तपासलं, तर तांबं निघालं.

"तांब्याच्या पाण्यानं कुणी मरतं?" आईला ते खरंच वाटेना. "आमचे सगळे त्यावरच वाढले."

"आपल्याला चालतं, अक्का. त्यांना नाही चालत. चूक तुमच्या हंड्याची नाही. मी बघायला हवं होतं. मी शिकवते ना हे!" एवढं बोलून कुमुदताई आत गेल्या.

पंप बंद झाला. टाकी कोरडी पडली. कुमुदताई कॉलेजला जायच्या, यायच्या, आणि संध्याकाळी त्या बंद खोलीत स्टूल टाकून बसायच्या. मी दारात जाऊन उभा राहायचो. पंपाबद्दल बोलायची आम्हाला सवय होती, आणि आता पंपच नव्हता. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "देवगडचं घर भावानं विकलं, माधवराव. आता तिकडे गेले तरी लॉजमध्ये उतरायचं." नंतर म्हणाल्या, "मला वाटलं होतं, इथे जमेल..." मी मान हलवली. माझ्याही घरात मी उतरूनच राहत होतो.

एके दिवशी कारखान्यातून आलो तर न्हाणीघरात पहार चाललेली. आईनं दोन गडी बोलावून चूल फोडायला लावली होती आणि आपण पदर खोचून उभी होती. हंडा निघाला, अंगणात ठेवला गेला. तेवढ्यात कुमुदताई कॉलेजातून आल्या आणि पाहतच राहिल्या. "अक्का, तुमच्या लग्नातला हंडा..."

"असू दे. त्यात तुळस लावते," आई म्हणाली. "ती खोली मुकी झाल्यापासून मला झोप नाही, बाई. तुमचा तो पंप लावा परत. सरी?"

"सरी," कुमुदताईही कन्नडातच 'बरं' म्हणाल्या, आणि अंगणातच रडल्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्या खेपेचं प्रवाळ जगलं. नुसतं जगलं नाही, वाढलं. दर शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या मुली यायच्या, अंधारात रांगेनं बसायच्या, आणि बोटं बाहेर आली की एकदम श्वास रोखायच्या. कुमुदताई तेव्हा काही शिकवत नसत. "बघा," एवढंच म्हणत. ती वर्षं चांगली गेली. मग आई गेली आणि भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे त्या, असे दोघंच राहिलो. लोक बोलायचे ते बोलत असतील. आम्ही आपले वाळू कधी धुवायची, वॉशर कधी बदलायचा, हेच बोलायचो. सणाच्या दिवशी त्या ताट झाकून पाठवत, मी रिकामं ताट घासून परत करी. एकत्र जेवायला बसावं असं दोघांपैकी कुणालाच म्हणता आलं नाही... आता वाटतं, म्हणायला हवं होतं. पण त्याही नसत्या बसल्या बहुधा.

पोटाचं दुखणं त्यांनी पुष्कळ दिवस अंगावर काढलं. शेवटी भावानं मुंबईला बोलावून घेतलं. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी सुटेपर्यंत त्या मला टाकीचंच सांगत होत्या. पाणी किती खारट ठेवायचं, मेलेला मासा दिसला तर लगेच काढायचा. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाल्या, "माधवराव, तुम्ही वेळेवर जेवत जा." इतक्या वर्षांत पाण्याचा आणि पंपाचा विषय सोडून त्यांनी माझ्यासाठी म्हणून सांगितलेलं हे पहिलंच.

त्यांचे भाऊ सामान न्यायला आले होते. सज्जन गृहस्थ. पुस्तकं, साड्या, ट्रंक एवढंच निघालं. टाकीसमोर ते थोडा वेळ उभे राहिले. दिवसाच्या उजेडात प्रवाळ मिटलेलं होतं, त्यांना तो दगडच दिसला असणार. "हे बंद करायला काही अडचण नाही ना?" त्यांनी विचारलं. अडचण काहीच नव्हती. भिंतीवरचं बटण वर केलं की झालं. मी "बघतो" म्हणालो. ते गेल्यावर न्हाणीघरात जाऊन बटणापाशी उभा राहिलो, आणि मग चहा करायला निघून आलो. असं बरेच दिवस चाललं.

परवा सकाळी इब्राहिम आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. हातगाडीवर भरलेले बुधले. "टीचर इल्वा, सार?" त्यानं विचारलं. टीचर नाहीत, मी सांगितलं, आता येणारही नाहीत. तो गाडीला टेकून उभा राहिला. रस्त्यावर शाळेची मुलं जात होती, तेवढा वेळ गेला. मग त्यानं चपला काढल्या आणि नेहमीसारखे एकेक करून बुधले आत आणून भिंतीशी ओळीनं ठेवले. रिकामे गोळा केले. दारात थांबून त्यानं विचारलं, पुढच्या खेपेला आणू का?

पंप चालू होता. पाणी नळीतून वर चढत होतं, पलीकडे पडत होतं.

"आण," मी म्हणालो.

तो गेल्यावर पहिल्या बुधल्याचं बूच काढलं. खोलीभर समुद्राचा वास सुटला. मी देवगड पाहिलेलं नाही. समुद्र म्हणून मला ठाऊक आहे तो एवढाच. बुधला उचलून बरणीत ओतायला दोन माणसं लागतात. एकट्याला तो कलता करून, मांडीवर तोलून, थोडं थोडं ओतावं लागतं. तसं ओतलं.