कायबी टाका, हितंच येतंय

"सून गुणाची हाय. पण पार्टीशी बोलायला न्हाई जमायची तिला. आपल्या धंद्याला आवाज लागतो."

हे माझे सासरे, म्हणजे अब्बा, अम्मींना सांगत होते. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मी मागच्या अंगणात आहे असं त्यांना वाटलं होतं. मी पडद्याच्या अलीकडे लसूण सोलत होते.

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. उर्से टोलनाक्याजवळ आमची क्रेन सर्व्हिस आहे. एक्सप्रेसवेवर बंद पडलेल्या, आपटलेल्या गाड्या उचलून यार्डात आणायच्या, आणि पार्टीशी, म्हणजे गाडीच्या मालकाशी, रस्त्यावरच बोलायचं. त्यामुळे घरातली सगळी माणसं इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायला शिकलेली. मी लोणावळ्याची, शिंप्याची मुलगी. आमच्याकडे तोंडात टाचण्या धरून बोलायची पद्धत.

यार्डातल्या ऑफिसचं टेबल तात्पुरतं माझ्याकडे आलं होतं. "माणूस मिळंपर्यंत तू बघ," असं अब्बा म्हणाले होते. माणूस मिळूच नये, असं मला हळूहळू वाटायला लागलं. हे मी कोणाला बोलले नाही. पण बीकॉम झाल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यापुढे कॉम्प्युटर ठेवला होता, आणि मला तो आवडत होता. शिवाय किस्से! बाकीच्या धंद्यांत ते जमवावे लागतात. आमच्याकडे टो होऊन येतात.

*

आमच्या तीन क्रेन. तिन्हींवर वेगवेगळा ईमेल रंगवलेला.

झालं असं, की सलीमभाईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, पेंटरला सांगितलं होतं, "@च्या पुढचं डोमेन आपलं हाय. त्याच्या अलीकडं काय चांगलं दिसंल ते टाक." पेंटर कलावंत माणूस. त्याने एका क्रेनवर 'इन्फो' टाकलं, दुसरीवर 'हेल्प', आणि तिसरीवर 'राजा'. त्यातलं खरं फक्त इन्फो. उरलेल्या दोन पत्त्यांवर लोक मेल पाठवत होते आणि ते परत जात होते.

एका विमा कंपनीच्या बाईंनी फोन करून झापलं तेव्हा सलीमभाई म्हणाले, पुन्हा रंगवून घेऊ. अब्बा म्हणाले, 'राजा'ला हात लावायचा नाही, त्याच्या बाजूला वाघ काढलाय.

डोमेनच्या सेटिंगमध्ये कॅच-ऑल नावाची सोय असते. @च्या अलीकडे कोणी काहीही लिहो, मेल एकाच पेटीत पडतो. हे मी माझ्या नवऱ्याला, इरफानला, हळू सांगितलं. इरफानने ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. सगळ्यांनी इरफानचं कौतुक केलं.

सेटिंग मी केलं. अब्बांना मात्र ते एका वाक्यात कळलं. म्हणाले, "म्हंजे आपला यार्ड. गाडी कुणाचीबी असू दे, आधी हितंच येणार."

*

कळलं ते एवढं कळलं, की अब्बा पत्ते वाटत सुटले.

"साहेब, खास तुमच्यासाठी वेगळा मेल काढलाय," असं ते फोनवर सांगायचे आणि समोरच्याचंच नाव त्याला द्यायचे. विम्याच्या सर्व्हेअर साहेबांना त्यांच्या आडनावाचा. एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठना नुसता 'शेठ'. शेठ इतके खूश झाले, की दिवाळीला मिठाईचा बॉक्स आला. इन्फोवर आयुष्यात कधी मिठाई आली नव्हती.

वर्गणी मागायला येणाऱ्यांनाही अब्बा नाही म्हणत नसत. त्यांच्यासाठी त्यांनी 'उद्या' नावाचा पत्ता ठरवला होता. "ह्याच्यावर टाका, बघतो." मंडळाची मुलं खरंच टाकायची. मी अब्बांना विचारलं, यांना काय कळवू?

"पत्त्यावरच लिवलंय की," अब्बा म्हणाले.

*

एक गृहस्थ होते. त्यांची कार आम्ही घाटातून आणली आणि बंपरला ओरखडा निघाला. ओरखडा आधीचा होता, फोटोत दिसत होता, पण गृहस्थ ऐकेनात.

पहिला मेल त्यांनी 'मॅनेजर'ला लिहिला. मी फोटो लावून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी 'जनरल मॅनेजर'ला. मी तेच फोटो, जरा जास्त नम्रपणे. मग 'डायरेक्टर'. डायरेक्टर म्हणून मी त्यांच्या मनस्तापाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि बंपर आमच्याकडे फुकट पॉलिश करून देऊ असं अब्बांना विचारून कळवलं.

शेवटचा मेल 'चेअरमन'ना आला. "आपले डायरेक्टर अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ आहेत. मात्र आपला मॅनेजर उद्धट आहे. त्याला समज द्यावी."

मी पोळ्या लाटता लाटता त्यावर विचार केला आणि लिहिलं, समज दिली आहे.

*

दत्ताभाऊ आमचे सर्वांत जुने क्रेन ड्रायव्हर. कॅच-ऑलची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा ते मुलासाठी मुली बघत होते. त्यांनी बायोडेटावर सरळ आमच्या डोमेनचा पत्ता टाकला. "कंपनीचा मेल असला की वजन पडतं, ताई."

तेव्हापासून विम्याच्या क्लेमच्या मध्ये मुलींचे बायोडेटा यायला लागले. मी दोन्ही वेगळं ठेवायची. पण एकदा दोन दिवस माहेरी गेले आणि टेबलावर इरफान बसला.

त्या दिवशी दोन मेल लागोपाठ आले. विमा कंपनीचा, 'सर्व बाजूंनी फोटो पाठवा.' आणि तळेगावच्या एका मुलीच्या वडलांचा, 'फोटो पाठवा.' इरफानने दोन्हींना तत्परतेने पाठवले.

मी परत आले तर विमा कंपनीने विचारलं होतं, हे कोण?

मुलीच्या वडलांकडे घाटात उलटलेल्या दहा चाकी ट्रकचे चारही बाजूंचे फोटो गेले होते. त्यांचंही उत्तर आलं होतं. "ट्रक मुलाच्या स्वतःच्या नावावर आहे का?"

*

एका दुपारी अम्मी ऑफिसात आल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, "मलाबी एक काढ."

काढायचं काही नव्हतं, पण मी दोन कळा दाबल्यासारखं केलं आणि सांगितलं, झालं. अम्मींनी तो पत्ता खोपोलीच्या बहिणीला दिला. ही खाला, म्हणजे इरफानची मावशी, आपल्या मुलाकडून मेल लिहून घ्यायची. फोनवर बोलायचं तर घरात सगळे कान देऊन ऐकतात, म्हणून हा बंदोबस्त.

उत्तर अम्मी माझ्याकडून लिहून घ्यायच्या. गुडघे, पाणी, भाच्याची नोकरी. मग एक दिवस त्या थांबल्या. खालाने विचारलं होतं, नवी सून कशी आहे?

अम्मींनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. सांगायचं तर होतंच, आणि लिहायला दुसरं कोणी नव्हतं.

"लिव," त्या म्हणाल्या. "सून चांगली हाय. हाताला चव हाय. पण बोलत न्हाई."

मी लिहिलं.

"बोलत न्हाई असं नको. लय बोलत न्हाई, असं कर."

मी केलं.

"मनात काय हाय कळत न्हाई, तेबी टाक."

तेही टाकलं. अम्मींनी खुर्ची जवळ ओढली. मग विचारलं, "काय हाय गं मनात?"

मी म्हटलं, "पाठवू का?"

*

आणि मग अब्बांनी यार्डाच्या गेटवर फ्लेक्स लावला. 'पार्टीशी बोलणारा माणूस पाहिजे.' खाली ईमेल. अलीकडचा शब्द अर्थातच त्यांनी स्वतः ठरवलेला, 'माणूस'.

अर्ज कुठे येणार? माझ्याकडेच आले.

माझ्याच खुर्चीसाठी आलेले अर्ज मी एकेक करून उघडले. एका बोटाने सगळे उडवता आले असते, आणि अब्बा म्हणाले असते, हल्ली माणसंच मिळत न्हाईत. मी ते केलं नाही. ज्यांनी अर्ज पूर्ण भरला होता त्यांना रविवारी बोलावलं. कुठे उतरायचं, कुठल्या बाजूने सर्व्हिस रोडला यायचं, सगळं व्यवस्थित कळवलं. शेवटी प्रिंट काढून अब्बांना दिले.

रविवारी पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या मांडल्या. एका बाजूला अब्बा, सलीमभाई, इरफान. समोर एक रिकामी. अम्मी दारात. मी चहा देत होते.

पहिल्याने विचारलं, शनिवार-रविवार सुट्टी असते ना? सलीमभाई म्हणाले, "गाड्यांना सांगून बघतो."

दुसरा फार शिकलेला होता. त्याने अब्बांना पाच वर्षांनी धंदा कुठे दिसतो असं विचारलं. अब्बा म्हणाले, "हितंच. टोलनाका कुटं जातोय?"

तिसऱ्याला मात्र आवाज होता. नुसतं "नमस्कार" म्हणाला तर शेडच्या कडेला झोपलेलं कुत्रं उठून गेलं. घाटातल्या पार्टीशी कसं बोलशील, असं विचारल्यावर त्याने बोलून दाखवलं. दत्ताभाऊ क्रेनमधून खाली उतरून बघायला आले. अब्बांचा चेहरा खुलला. तो चहा पिऊन गेला तसे ते सलीमभाईंकडे वळले.

"ह्यो बरा हाय. उद्यापासनंच बोलवू."

सलीमभाईंनी मान डोलवली. इरफान माझ्याकडे बघत होता. त्याला मी काही सांगितलंच नव्हतं, तर तो मोठ्याने काय बोलणार?

"अजून कुणी ऱ्हायलंय का गं मेलवर?" अब्बांनी कागद गोळा करत विचारलं.

मी ट्रे सलीमभाईंच्या हातात दिला. ओढणी सारखी केली, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"मी राहिलेय अब्बा," मी म्हणाले. "विचारा."