पेशंटची इच्छा

तोंडाची निगा राखायला मी आप्पांच्या पलंगाशी वाकले होते. एका हातात मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याची वाटी, दुसऱ्या हाताच्या बोटाला गुंडाळलेला ओला गॉज. आप्पांना घशाचा कॅन्सर. ओठ फाटलेले, जिभेवर पांढरा थर. त्यांनी तोंड उघडलं होतं. माझ्यासाठी.

तेवढ्यात त्यांच्या सूनबाईंनी मागून विचारलं, "तुझं पूर्ण नाव काय गं?"

मी सांगितलं.

"राहायला?"

"उल्हासनगर. कॅम्प चार."

"कॅम्प चारला कुठे?"

वस्तीचं नाव सांगितलं. त्या पलंगाजवळ आल्या. मग म्हणाल्या, "थांब जरा. ती वाटी तिथे ठेव."

त्यांनी वाटी माझ्या हातून घेतली नाही. स्टुलाकडे बोट दाखवलं. मी ठेवली.

माझ्या हातात ग्लोव्ह्ज होते. हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन मग घातलेले. त्या रबराच्या आतला हात कुणाचा आहे, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

आम्ही तिघी आलो होतो. शिकवणाऱ्या मॅडम, माझ्याबरोबरची भावना आणि मी. जो आजार बरा होणार नाही, त्या आजाराच्या माणसाला शेवटपर्यंत कमी दुखावं, त्याची नीट निगा राखली जावी, हे शिकवणारा आमचा कोर्स. वर्ग अंबरनाथ पूर्वेला, एका ट्रस्टच्या हॉलमध्ये. नर्सिंग करून मी एका छोट्या हॉस्पिटलात लागले होते, तिथून आले होते. वर्गात माझ्यासारख्या नर्सेस होत्या आणि घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या बायकाही होत्या. पेशंटच्या घरी, मॅडमसमोर, स्वतःच्या हाताने काम केल्याशिवाय कोर्स पूर्ण होत नाही. माझं ते घर म्हणजे कुळगावचं हे घर.

सूनबाई मॅडमना स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेल्या. आवाज हळू केला, पण मला ऐकू येईल इतकाच.

"आमच्या मनात काही नाही हो. आप्पा जुन्या वळणाचे. आता शेवटी शेवटी त्यांना कशाला..."

मॅडम परत आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू गाडीत बस. मनावर घेऊ नकोस. पेशंटची इच्छा सगळ्यात आधी, शिकलोय ना आपण?"

भावनाने स्टुलावरची वाटी उचलली. मी खाली गेले.

ड्रायव्हरमामांनी विचारलं, "काय झालं?"

"आत गर्दी होते," मी म्हटलं.

हे मला लहानपणापासून येतं. पटकन काहीतरी साधं सांगायचं आणि विषय संपवायचा. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीनवर होते. ओव्हरटाइम करून त्यांनी मला इंग्लिश मीडियमला घातलं. शाळेत निम्मी मुलं सिंधी, टीचर हाक मारायच्या पहिल्या नावाने. मी मान खाली घालून अभ्यास केला. एक गोष्ट मात्र बरोबर हेरली होती. चांगलं इंग्रजी बोललं की लोक आडनाव विचारायचं विसरतात. दुकानात, बँकेत, इंटरव्ह्यूला. मी ती भाषा अंगावर घेऊन फिरायचे. कुळगावच्या त्या खोलीत मला मराठीत विचारलं गेलं आणि मी मराठीत उत्तर दिलं.

परत येताना भावना कानात म्हणाली, "तू तो इतना इंग्लिश मारती है, फिर भी?"

तिला चेष्टा करायची नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं.

गोष्ट इथे संपली असती, तर मी गिळली असती. याआधी गिळल्यात. पण दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्ग सुरू करताना माझंच उदाहरण दिलं.

"काल आपल्यातली एक जण एका घरी गेली. तिथे पेशंटला दुसरी व्यक्ती हवी होती. ही मुलगी एक शब्द न बोलता मागे सरकली. इतक्या ग्रेसफुली. याला म्हणतात पेशंटचा मान राखणं." आणि हाताने माझ्याकडे खूण केली.

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

कालचं मला सोसलं होतं. या टाळ्या सोसल्या नाहीत. माझ्या अपमानाचा त्यांनी धडा केला होता. पुढच्या बॅचलाही तो शिकवला जाणार होता.

मी वर्गात उठून बोलणारी मुलगी नाही. प्रश्न असला तर चहाच्या सुट्टीत जाऊन विचारते, तोही इंग्रजीत. त्या दिवशी मात्र उभी राहिले.

"मी मागे सरकले नाही, मॅडम. मला काढलं."

"बस ना. नंतर बोलू."

"माझं आडनाव विचारून काढलं. मी बौद्ध आहे. म्हणून गाडीत बसवलं."

हे वाक्य शाळेपासून आजवर मी चारचौघांत म्हटलं नव्हतं. आवाज चिरका निघाला. पण निघाला.

मागून कुणीतरी म्हणालं, "आता इथेही जात आणायची का?"

"मी आणली नाही," मी वळून म्हटलं. "मला विचारली."

मॅडमचे कान लाल झाले होते. "हे बघ, आपण इथे मरणाबद्दल बोलतोय. मरणाऱ्या माणसाशी भांडायचं नसतं."

"मी भांडत नाही. तुम्ही पेशंटची इच्छा म्हणालात. आप्पांना कुणी विचारलं? त्यांनी तर तोंड उघडलं होतं."

भावनाने माझी ओढणी खाली ओढली. "बैठ ना यार, क्यों पंगा ले रही है."

सुट्टीत मॅडमनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ होता.

"तुझं नुकसान नको. जांभूळ गावात एक आजी आहेत. खूप गोड स्वभाव. आणि तुमच्यातल्याच आहेत, तुला मोकळं वाटेल. तिथे तुझं काम पूर्ण करून टाकू."

"आणि आप्पांकडे?"

"तिथे भावना."

तेव्हा मला चित्र स्वच्छ दिसलं. औषध तेच, गॉज तोच, शिकवणं तेच. फक्त हात वाटून दिलेले. कुणाच्या घरी कुणाचा हात, हे आता हा वर्ग ठरवणार. तेही माझ्या भल्यासाठी.

"जांभूळला मी जाईन," मी म्हटलं. "आजींना गरज आहे म्हणून. आधी कुळगावला जाईन."

"पेशंटला त्रास देणार तू?"

"विचारणार. तुम्ही शिकवलंय तसं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "गुरुवारी वेळेवर ये." बस, एवढंच.

गुरुवारी सूनबाईंनी दार उघडलं आणि मला बघून मॅडमना म्हणाल्या, "आपलं बोलणं झालं होतं ना?"

"वहिनी, मी आप्पांना विचारते," मी म्हटलं आणि आत गेले.

आप्पा जागे होते. मी पलंगाजवळ जाऊन माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश. "तुमचं तोंड स्वच्छ करू का? नको असेल तर नको म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान भिंतीकडे वळवली. तोंड मिटलेलं. एक बोट भावनाकडे उचललं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ती करेल."

"का, आप्पा?"

मॅडमनी माझा दंड धरला. मरणाऱ्या माणसाला 'का' विचारायचं नसतं, हेही आम्हाला शिकवलेलं. मी विचारलं. आप्पांनी डोळे मिटले.

मी आग्रह केला नाही. भावना पुढे झाली. मी खोलीतच उभी राहिले. सूनबाई दोनदा दाराकडे बघून खाकरल्या, तरी हलले नाही. भावनाचं बोट फार आत जायला लागलं तेव्हा म्हटलं, "इतकं आत नको जाऊस, ठसका लागेल त्यांना." तिने बोट मागे घेतलं.

आप्पांचं दुखणं खरं आहे. त्यांना मॉर्फिन वेळेवर मिळायलाच हवं. ते द्यायची पाळी माझ्यावर आली तर मीच देईन, एक थेंब कमी नाही. त्यांना माझा हात नको म्हणायचा हक्क आहे, तोही मी काढून घेणार नाही. पण त्या 'नको'ला गोड नाव मी देऊ देणार नाही.

मॅडमना मी सांगून टाकलंय. हा कोर्स मी पूर्ण करणार आणि हेच काम करणार. माझी घरं आडनावावरून लावायची नाहीत. लावलीत तर मी भर वर्गात उभी राहून विचारणार. ज्याला मी नको आहे, त्याने मला समोर उभं करून, कारणासकट नको म्हणावं. ते कारण मी वर्गात येऊन सगळ्यांना सांगणार. जातीच्या नावाने सांगणार, आणि माझ्या नावाने.