रानाच्या कडेची बंद खोली

रिना ऊर्जानगरला आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वाढली. तिचे वडील बापूराव वीजकेंद्रात बॉयलरवर होते. पोरगी भौतिकशास्त्र शिकली आणि नागपूरला एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. ती नेमकं काय करते असं कोणी विचारलं, की बापूराव सांगत, "हिऱ्याले आन् तारेले एकमेकाशी बोलाले लावते."

ते फारसं चूक नव्हतं. तिच्या हिऱ्याच्या चकतीत मुद्दाम ठेवलेली अणूएवढी खोट होती. आसपासचं चुंबकत्व त्या खोटीला फार बारीक जाणवायचं आणि जाणवलेलं ती थोडा वेळ धरूनही ठेवायची. शेजारची अतिसंवाहक पट्टी, म्हणजे बापूरावांची तार, ते झटकन वाचायची, पण धरून ठेवणं तिला जमत नसे. या दोन परक्या वस्तूंचं मिळून एक क्वांटम यंत्र करायचं, हे रिनाचं काम. पट्टी भयंकर थंडीतच चालते, म्हणून थर्मासासारख्या मोठ्या पिंपात द्रवरूप नायट्रोजन ठेवावा लागे.

शहरात विजेच्या तारा आणि मोटारी इतक्या, की हिऱ्याला गोंगाटाशिवाय काही ऐकूच येत नसे. शांत जागा शोधता शोधता ती आरमोरीच्या पलीकडे, धानाच्या बांध्या संपून रान सुरू होतं तिथल्या एका जुन्या विटांच्या खोलीत आली. सोबतीला गावातले इसरूभाऊ. नायट्रोजन उडून खोलीत भरतो आणि प्राणवायूला जागा उरत नाही, म्हणून दार-खिडकी उघडी ठेवायची, हा तिचा पहिला नियम होता. बोलताना तिने तो इसरूभाऊंनाही सांगितला होता.

त्या दिवशी जीप घेऊन प्रयोगशाळेतले तिचे सोबती बॅटऱ्या आणायला आरमोरीला गेले. ऊन उतरलं होतं. रिना पिंप सावलीत सरकवत होती, तेवढ्यात रानाच्या कडेला माकडं ओरडली. मग चितळ ओरडलं, अगदी जवळून.

"मॅडम, आत चला," इसरूभाऊ हळूच म्हणाले. "पळू नका. वाघ आहे."

बांधावरच्या गवतात पिवळं काहीतरी हललं. त्याच महिन्यात शेजारच्या गावात एक बाई सरपणाला गेली ती परतलीच नव्हती. दोघांनी पिंप ओढतच आत घेतलं. उंबऱ्यावर ते जोरात आदळलं. इसरूभाऊंनी दाराला आडवा लाकडी अडणा लावला, खिडकी लोटून घेतली. फटींतून येईल तेवढाच उजेड उरला.

रिना दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. बाहेर काहीतरी भिंतीला घासून गेल्यासारखं वाटलं. मागे पिंपातून बारीक फुसफुस येत होती, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. आदळून पिंपाच्या आतल्या भांड्याला चीर गेली होती. पांढरं धुकं टेबलाखालून जमिनीवर पसरत होतं.

"भाऊ, गेला का तो?"

"नाई. बसला असन." इसरूभाऊंनी बिडी काढली. काडी ओढली, ती फुरफुरून विझली. दुसरीही विझली. "काऊन पेटून नाई राह्यली? ओल्या झाल्या वाटते," असं म्हणत ते उगाचच हसले. रिनालाही हसू आलं. डोकं हलकं झालं होतं, छान वाटत होतं. तिसरी काडी विझली तेव्हा ती हसायची थांबली. वाघ बाहेर असताना आपल्याला हसू येतंच कसं?

तिने खाली पाहिलं. पाय घोट्यापर्यंत धुक्यात बुडाले होते.

"भाऊ, दार उघडा!"

"पागल झाल्या काय? तो बाहेर आहे."

"आत हवा संपली! आपण मरू इथंच!"

इसरूभाऊ उठायला गेले आणि भिंतीशी घसरून बसले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. अडणा रिनाच्या बोटांत धरवेना. बोटं कुणा दुसऱ्याची असावीत तसं झालं. शेवटी तिने खांद्याने तो वर ढकलला, दार ओढलं आणि इसरूभाऊंना काखेत हात घालून उंबऱ्यावर आणलं.

वाघ समोर बांधावरच होता. चाळीसेक पावलांवर तो पुढचे पाय पसरून त्यांच्याकडे पाहत बसला होता.

बाहेर पडता येत नव्हतं, आत जाता येत नव्हतं. रिना उंबऱ्यावरच उभी राहिली. पुढे तिने मला सांगितलं, "काकू, वाघ निदान दिसत होता. माझी पाठ खोलीकडे होती, त्याचीच जास्त भीती वाटत होती." इसरूभाऊंना खोकला आला, जीव आला. त्यांनी हाताला लागलेली टिनाची थाळी दगडावर बडवायला घेतली. बराच वेळ वाघ हलला नाही. मग उठला आणि सावकाश रानात शिरला. जीप आली तेव्हाही इसरूभाऊ थाळी बडवतच होते.

घरी तिच्या आईने, कांताबाईंनी, पोरीला छातीशी धरलं. "सोड ते काम," त्या म्हणाल्या. महिनाभर ती घरात कुठलंच दार लावू देत नव्हती, न्हाणीघराचंसुद्धा.

हिवाळ्यात ती परत आरमोरीला गेली. या वेळी यंत्र उघड्या मांडवात ठेवलं, भोवती बांबूची जाळी लावली, गावातले चौघे राखणीला घेतले. हिऱ्याने आणि पट्टीने पहिल्यांदाच एकमेकांचं स्वच्छ ऐकलं. पडद्यावर रेघ उमटली, सोबत्यांनी टाळ्या वाजवल्या. रिनाचं एक बोट मात्र सारखं नाकाखाली जात होतं, श्वास चालू आहे ना ते पाहायला.