पाळणाघरातलं गरम जेवण

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे; फार जुन्या काळातली म्हणून कुणी सोडून देऊ नये. भिंगारच्या ज्या पाळणाघरात मी शाळेआधीची वर्षं काढली, तिथं जेवणाच्या दोन तऱ्हा होत्या. घरून डबा आणायचा, नाहीतर महिन्याला जास्तीचे पैसे भरून पाळणाघर चालवणाऱ्या काकूंच्या हातचं खायचं. आई लष्कराच्या ऑफिसात कारकून. वडील ट्रकवर, कायम बाहेरगावी. भल्या सकाळी बांधलेली भाकरी दुपारी माझ्या घशाखाली उतरत नसे आणि मी होते काडीपैलवान. म्हणून आईनं पोटाला चिमटा काढून जेवणाचे पैसे भरले. पोरीनं चार घास गरम खावेत, तेही चार पोरांच्या पंगतीत, एवढंच तिला हवं होतं.

ताट-वाटी घरून आणा, असं काकूंनी सांगितलं. आईला वाटलं, तिथली रीतच असेल. तिनं लग्नात आहेर म्हणून आलेलं, नाव घातलेलं स्टीलचं ताट काढून दिलं. मला त्या ताटाचा कोण तोरा!

एका दुपारी ऑफिस लवकर सुटलं आणि आई नेमकी जेवणाच्या वेळी आली. सगळ्या पोरांपुढं काकूंची एकसारखी ताटं होती, फक्त माझ्यापुढं माझं. जेवण झाल्यावर बाकीची ताटं मोरीत गेली. माझं मी रोजच्यासारखं अंगणातल्या नळावर विसळलं. आमच्या आडनावावरून आम्ही बौद्ध आहोत, हे भिंगारमध्ये कुणालाही कळायचं. आई दारातच उभी राहिली.

"बाकीच्यांनी ताटं न्हाई आणायची व्हय, काकू?"

"अहो, जेवण तर तेच वाढते ना तिला," काकू म्हणाल्या. "सासूबाईंचं सोवळं आहे घरात. माझं काही नाही."

"माझं काही नाही" म्हणणाऱ्या माणसांची मला आजही चीड येते.

 जवळपास दुसरं पाळणाघर नव्हतं आणि नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. घरी आल्यावर तिनं मला पुढ्यात घेतलं.

"उद्यापासनं डबा देऊ का गं? का काकूंचंच खाशील?"

"काकूंचं," मी म्हणाले. "गरम असतं."

 आई पदरानं डोळे पुसून म्हणाली, "बरं." पहिल्या तारखेला तिनं पुढच्या महिन्याच्या जेवणाचे पैसे भरले.